हमीभाव: जाहीर किंमत आणि हाती येणारी किंमत

शेतमालाच्या किमतींसंबंधी मराठीत दोन शब्दप्रयोग रूढ आहेत. शासकीय कागदपत्रांत 'किमान आधारभूत किंमत' असे म्हटलेले असते. शेतकरी, अडते आणि वृत्तपत्रे मात्र 'हमीभाव' म्हणतात. दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे वाचक मानले जात असले तरी त्यांच्या अर्थांत बरेच अंतर आहे. आधार म्हणजे टेकू. तो किती भार सोशील हे टेकू देणाऱ्याच्या शक्तीवर आणि इच्छेवर अवलंबून राहते. हमी म्हणजे जामिनकी. ती देणाऱ्यावर पुरी करण्याचे बंधन येते. केंद्र सरकार ज्या २२ पिकांच्या आधारभूत किमती दरवर्षी जाहीर करते, त्यांपैकी एकाही किमतीमागे असे कायदेशीर बंधन नाही. ऊस हा एकच ठळक अपवाद होय. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये उसाची रास्त व किफायतशीर किंमत देणे कारखान्यावर बंधनकारक आहे आणि ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत ती चुकती करावयाची असते. तूर, सोयाबीन, कापूस किंवा ज्वारी पिकविणाऱ्यास जी किंमत जाहीर होते ती या अर्थाने हमी नव्हे.

जाहीर झालेला भाव पुरेसा आहे की अपुरा, यावर विधिमंडळापासून पारापर्यंत सर्वत्र वाद होतो आणि तो होणे स्वाभाविकही आहे. पण त्या वादात बाजू घेण्यापूर्वी हा भाव ठरतो कसा, तो दिला कोणी आणि त्याची झळ पोहोचते कोणाला, हे समजून घेणे अगत्याचे ठरते. दोन्ही बाजूंचे वक्ते पुष्कळदा एकाच आकड्याचा आधार घेऊन परस्परविरुद्ध निष्कर्ष काढतात. आकडा खोटा असतो असे नाही. तो कशाचा आहे हे सांगावयाचे राहून गेलेले असते.

या धोरणाचा उगम शेतकऱ्याच्या हितचिंतेत नसून शहरातील खाणाऱ्याच्या भुकेत आहे, ही गोष्ट आज सहसा स्मरत नाही. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला; त्याच वर्षी मुंबई शहरात धान्याची मापबंदी सुरू झाली आणि ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अन्नधान्याच्या सरकारी खरेदीची व वाटपाची शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठविण्यात आली, किमती भडकताच १९४८ मध्ये ती पुन्हा लादण्यात आली, आणि रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना ती पुन्हा सैल झाली. या येरझारांत शेतकऱ्याकडून घ्यावयाची किंमत ही मुख्यतः शहराला परवडेल अशी किंमत होती. लेव्हीच्या रूपाने धान्य घालावे लागे ते बाजारभावापेक्षा कमी दराने. सरकारचा भाव चुकवून धान्य खुल्या बाजारात नेणे यातच त्या काळी शेतकऱ्याचा फायदा होता. आजच्या परिस्थितीच्या हे अगदी उलट आहे.

बदल घडला तो १९६४-६५ च्या सुमारास. १९५६ च्या करारानुसार येणाऱ्या अमेरिकन गव्हावर देश कायमचा विसंबून राहू शकत नाही, आणि पीक वाढवावयाचे तर ते पिकविणाऱ्यास किमतीची काही शाश्वती दिली पाहिजे, हा विचार चिदंबरम सुब्रमण्यम यांच्या कारकिर्दीत मान्य झाला. लक्ष्मीकांत झा यांच्या समितीच्या शिफारशीनंतर जानेवारी १९६५ मध्ये दोन संस्था अस्तित्वात आल्या: भाव सुचविणारा कृषिमूल्य आयोग आणि धान्य विकत घेऊन साठविणारे भारतीय अन्न महामंडळ. आयोगाचे पहिले अध्यक्ष प्रा. मो. ल. दांतवाला हे मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातील शेतीविषयक अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे येऊन ठेपलेल्या संकटाने या व्यवस्थेची निकड सिद्ध केली. १९६४-६५ मध्ये सुमारे ८ कोटी ९४ लक्ष टन असलेले अन्नधान्याचे उत्पादन १९६५-६६ च्या अवर्षणात ७ कोटी २४ लक्ष टनांवर आले.

आयोगावर मुळातच दोन परस्परविरोधी कामे सोपविलेली होती. उत्पादकास उत्तेजन मिळाले पाहिजे, आणि त्याच वेळी राहणीचा खर्च, मजुरीचे दर व उद्योगांचा उत्पादनखर्च यांवर किमतींचा काय परिणाम होईल तेही पाहिले पाहिजे. एकाच भावाने पिकविणाऱ्याचे उत्पन्न वाढवावयाचे आणि खाणाऱ्याचा खर्च आटोक्यात ठेवावयाचा, ही तारेवरची कसरत होय. १९८५ साली आयोगाचे नाव 'कृषी उत्पादनखर्च व मूल्य आयोग' असे झाले. नावात 'उत्पादनखर्च' हा शब्द आला आणि वादाचे केंद्रही तिकडे सरकले.

उत्पादनखर्च हा शब्द ऐकावयास जितका सरळ, तितकाच मोजावयास अवघड आहे. आयोग जे हिशेब वापरतो त्यांत खर्चाच्या तीन पायऱ्या महत्त्वाच्या मानल्या जातात. बियाणे, खते, औषधे, इंधन, पाणीपट्टी, मजुरी, अवजारांची झीज, खेळत्या भांडवलावरील व्याज आणि दुसऱ्याची जमीन कसावयास घेतली असल्यास तिचा खंड, असा प्रत्यक्ष झालेला खर्च म्हणजे 'ए-२'. शेतकरी, त्याची पत्नी व मुले स्वतःच्या शेतात राबतात. त्या श्रमाला कोणी पैसे मोजत नाही, पण ते फुकटही नव्हेत. मजुरीच्या प्रचलित दराने त्यांची किंमत धरली की 'ए-२ अधिक कुटुंबश्रम' हा आकडा मिळतो. यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरील व्याज मिळविले म्हणजे 'सी-२' हा सर्वसमावेशक खर्च होतो.

२००४ ते २००६ या काळात मो. सं. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखाली काम करणाऱ्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने आधारभूत किंमत सरासरी उत्पादनखर्चाच्या निदान दीडपट असावी असे सुचविले. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपटीचे तत्त्व स्वीकारल्याची घोषणा झाली. हे दीडपट 'ए-२ अधिक कुटुंबश्रम' या खर्चाचे आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा असा खर्च क्विंटलमागे ३,५५२ रुपये धरला गेला आणि भाव ५,३२८ रुपये जाहीर झाला. गुणाकार बरोबर जमतो. शेतकरी संघटना 'सी-२' च्या दीडपटीची मागणी करतात. तेव्हा 'दीडपट दिला' आणि 'दीडपट दिला नाही' ही दोन्ही विधाने आपापल्या परिभाषेत खरी ठरतात.

'सी-२' विरुद्ध एक तात्त्विक आक्षेप आहे, तो थोडक्यात नमूद करावयास हवा. जमिनीचा खंड पिकाच्या किमतीवर अवलंबून असतो, ही अर्थशास्त्रातील जुनी शिकवण. भाव वाढला की खंड वाढतो, खंड वाढला की 'सी-२' वाढतो आणि 'सी-२' वाढला म्हणून भाव पुन्हा वाढवावा लागतो. आक्षेप बिनतोड दिसतो, पण त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. स्वतःची जमीन व भांडवल शेतीत गुंतविणाऱ्यास त्यावर काहीच परतावा नको असे म्हणणे दुसऱ्या कोणत्याही धंद्याच्या बाबतीत कोणी ऐकून घेणार नाही.

त्याहून अधिक व्यावहारिक अडचण सरासरीची आहे. भाव ठरतो क्विंटलवर आणि खर्च होतो हेक्टरवर. समजा, एका हेक्टरला ४०,००० रुपये खर्च आला. पीक १० क्विंटल आले तर क्विंटलचा खर्च ४,००० रुपये पडतो. पावसाने ओढ दिल्यामुळे ५ क्विंटलच हाती लागले तर तोच ८,००० होतो. खर्च मात्र दोन्ही वेळी तेवढाच. महाराष्ट्रातील बहुतांश शेती कोरडवाहू असल्यामुळे अनेक पिकांचा क्विंटलमागील खर्च देशाच्या सरासरीहून जास्त येतो. देशभर एकच भाव लागू असल्यामुळे पंजाबातील ओलिताच्या गव्हाला तो जितका मानवतो तितका मराठवाड्यातील हलक्या जमिनीवरच्या पिकाला मानवत नाही. २०२५-२६ च्या गव्हाचा भाव २,४२५ रुपये होता आणि आयोगाने धरलेला खर्च १,१८२ रुपये. म्हणजे दीडपट सोडाच, दुपटीहून अधिक. शिवाय सरासरी खर्चाचा अर्थच असा की काही शेतकऱ्यांचा खर्च तिच्यावर असतो. अवर्षणात सापडलेल्यास भाववाढ फारशी उपयोगी पडत नाही, कारण त्याच्यापाशी विकावयास मालच नसतो. तेथे पीकविमा किंवा रोजगार हमी हाच उपाय.

येथवर भाव ठरण्याचा विचार झाला. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न यापुढेच सुरू होतो: त्या भावाने घेतो कोण? गहू आणि भात यांच्या बाबतीत उत्तर तयार आहे. अन्न महामंडळ व राज्यांच्या संस्था पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण इत्यादी राज्यांत मोठ्या प्रमाणावर खरेदी करतात, कारण त्या धान्याला पुढे वाट आहे. ते शिधावाटप दुकानांत जाते. तुरीला अशी वाट नाही. म्हणूनच तुरीचा गेल्या दशकातील इतिहास किमतीचे धोरण समजावून घेण्यास फार उपयुक्त आहे.

२०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. २०१५-१६ मध्ये देशातील तुरीचे उत्पादन सुमारे २५ लक्ष ६० हजार टन झाले आणि २०१५ च्या दिवाळीच्या आसपास तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. शहरांत ओरड झाली. साठ्यांवर मर्यादा घातल्या गेल्या, आयातीला जोर देण्यात आला. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी डाळींच्या खरेदीचा दीर्घ मुदतीचा करारही झाला. त्याच सुमारास शेतकऱ्याने अधिक तूर पेरावी म्हणून आधारभूत किंमत बोनससह ५,०५० रुपये जाहीर करण्यात आली. शेतकऱ्याने ते ऐकले. पाऊसही चांगला झाला आणि २०१६-१७ चे उत्पादन सुमारे ४८ लक्ष ७० हजार टनांवर, म्हणजे जवळजवळ दुपटीवर गेले.

जानेवारी-फेब्रुवारी २०१७ मध्ये ही तूर खळ्यावरून बाजारात आली तेव्हा तिच्यासाठी सर्व दरवाजे एकाच दिशेने उघडे होते. डाळींच्या निर्यातीवर २००६ पासून बंदी होती. साठामर्यादेमुळे व्यापाऱ्याला माल धरून ठेवता येत नव्हता. परदेशी तूर मात्र आतमध्ये येतच होती. तिच्यावर १० टक्के शुल्क बसले ते मार्चमध्ये, म्हणजे सुगीचा भर ओसरू लागल्यावर. अरविंद सुब्रमण्यन यांच्या समितीने सप्टेंबर २०१६ मध्येच निर्यातबंदी व साठामर्यादा उठविण्याची आणि जोमाने खरेदी करण्याची शिफारस केलेली होती. पण महागाईच्या भीतीने केलेले नियम महागाई संपल्याबरोबर आपोआप सुटत नाहीत.

भाव हमीभावाच्या खाली घसरले. महाराष्ट्रात बाजार समित्यांच्या आवारात खरेदी केंद्रे उघडली गेली, पण बारदाना अपुरा, काटे अपुरे, गोदामे अपुरी. ट्रॅक्टर व गाड्या रांगेत दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. २२ एप्रिल २०१७ रोजी केंद्रांची मुदत संपली त्या वेळीही पुष्कळ माल आवारात पडून होता आणि तो घेण्यासाठी राज्य शासनाला स्वतंत्र निर्णय करावा लागला. ज्याला पेरणीपूर्वी पीककर्ज फेडावयाचे होते किंवा घरातील कार्य उरकावयाचे होते, त्याने रांगेत थांबण्याऐवजी व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने तूर दिली. जाहीर भाव आणि हाती आलेला भाव यांतील हे अंतर म्हणजेच टेकू आणि जामिनकी यांतील अंतर होय. निर्यातबंदी उठली सप्टेंबर २०१७ मध्ये. तोवर लहान शेतकऱ्याजवळ तूर उरली नव्हती.

विकत घेतलेल्या डाळीचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने साठ्यातील डाळी राज्यांना किलोमागे १५ रुपये सूट देऊन उचलावयास सांगितल्या. खरेदी ही व्यवस्थेची अर्धी बाजू आहे; घेतलेला माल खपविण्याची सोय नसेल तर तो पुढील सुगीच्या भावावरच दडपण आणतो.

चक्र पुढेही फिरतच राहिले. उत्पादन घटले, मे २०२१ मध्ये तुरीची आयात पुन्हा खुली झाली, जून २०२३ मध्ये तूर व उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा आल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा शुल्काविना येऊ लागला. या वाटाण्याची किंमत कमी असल्याने तो हरभऱ्याची जागा घेतो आणि त्याची झळ अन्य डाळींनाही लागते. शेतकऱ्याचे उत्पन्न ठरविणारा आदेश पुष्कळदा कृषी खात्यातून न निघता आयात-निर्यातीच्या अधिसूचनेच्या रूपाने निघतो, हे या सर्व घटनाक्रमावरून दिसते. राज्यघटनेने शेती हा विषय राज्यांकडे दिला, अन्नधान्याच्या व्यापाराचा विषय समवर्ती सूचीत ठेवला आणि परदेशव्यापार केंद्राकडे सोपविला. बाजार समिती राज्याच्या कायद्याने चालते, भाव केंद्राचे मंत्रिमंडळ ठरविते. गाऱ्हाणे कोठे करावे हे शेतकऱ्यास उमगत नाही, यात त्याचा दोष नाही.

आता खाणाऱ्याची बाजू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी लोकसंख्येपैकी ५० टक्क्यांपर्यंत लोकांना धान्य मिळण्याचा हक्क आहे: प्राधान्य गटाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. प्रारंभी तांदूळ ३, गहू २ व भरड धान्य १ रुपया किलोने मिळे. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. पूर्वी गव्हाचा खरेदीभाव वाढला की शिध्याचा भाव वाढविण्याचा प्रश्न उभा राही. आता तो धागा तुटला आहे. खरेदी, हमाली, गोदाम, वाहतूक आणि व्याज असा सर्व खर्च सरळ तिजोरीतून होतो आणि त्यालाच अन्न-अनुदान म्हणतात. हे अनुदान शेतकऱ्याला मिळते की खाणाऱ्याला, यावर वाद होतो. वस्तुतः ते दोघांच्या मध्ये वाटले जाते आणि काही भाग वाटेतच खर्ची पडतो. शिध्यात प्रामुख्याने गहू व तांदूळ मिळाल्यामुळे सोलापूर-बीडकडील ज्वारीला जो फटका बसला तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

शिवाय पिकविणारा आणि खाणारा हे नेहमीच दोन वेगळे इसम नसतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील ८६ टक्के वहितीदार २ हेक्टरांच्या आतले आहेत. यांतील अनेकजण कापूस किंवा सोयाबीन विकतात आणि धान्य व डाळ विकत घेतात. तुरीचा भाव वाढला म्हणजे असा शेतकरी विक्रेता म्हणून सुखावतो आणि गिऱ्हाईक म्हणून होरपळतो. शेतमजुराच्या वाट्याला तर दुसरीच बाजू येते.

आकडे वाचताना घ्यावयाच्या सावधगिरीचे एक उदाहरण येथे देणे उचित होईल. हमीभावाचा लाभ फक्त ६ टक्के शेतकऱ्यांना होतो, असे वारंवार सांगितले जाते. हा आकडा शांताकुमार समितीच्या जानेवारी २०१५ च्या अहवालातील असून तो २०१२-१३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवर आधारलेला आहे. त्यात केवळ भात व गहू सरकारी संस्थांना विकणाऱ्यांची गणना असून भागिले आहे ते सर्व शेतकरी कुटुंबांच्या संख्येने; ज्यांनी ही पिके मुळी विकलीच नाहीत तेही त्यात आले. प्रत्यक्ष विक्री करणाऱ्यांपुरते पाहिले तर त्याच अहवालात भाताच्या बाबतीत १३.५ आणि गव्हाच्या बाबतीत १६.२ टक्के असे प्रमाण दिलेले आहे. लाभ थोड्यांनाच होतो हा निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही, पण त्याची तीव्रता बदलते. यावरून एक पक्ष म्हणतो की जी व्यवस्था इतक्या थोड्यांच्या उपयोगी पडते ती आवरती घ्यावी. दुसरा म्हणतो की म्हणूनच ती कायद्याने सर्वांपर्यंत न्यावी. आकडा यांपैकी कोणाचीच बाजू घेत नाही.

२०२० चे तीन कृषी कायदे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये रद्द झाल्यानंतर हमीभावाला कायद्याचे स्वरूप देण्याची मागणी अधिक जोराने पुढे आली. या मागणीचे निदान तीन निरनिराळे अर्थ होऊ शकतात आणि चर्चेत ते सहसा वेगळे केले जात नाहीत. येईल तितका माल सरकारने घ्यावा हा पहिला. त्यात साठवण व विल्हेवाट हे प्रश्न येतात. जाहीर भावाच्या खाली खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यास शिक्षा व्हावी हा दुसरा. ऑगस्ट २०१८ मध्ये महाराष्ट्रात अशा तरतुदीचा विचार पुढे येताच अनेक ठिकाणी व्यापाऱ्यांनी खरेदीच थांबविली. व्यापाऱ्याला कमी भावाने घेण्यास मनाई करता येते, घेण्याची सक्ती करता येत नाही. माल बाजारात विकू द्यावा आणि फरकाची रक्कम सरकारने खात्यात भरावी हा तिसरा अर्थ. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये भावांतर योजनेच्या रूपाने तो अमलात आणला. त्यात गोदामाचा खर्च वाचतो, मात्र फरक सरकार देणारच आहे हे ठाऊक झाल्यावर व्यापारी भाव पाडतात अशी तक्रार त्याही वेळी झाली.

डाळींच्या बाबतीत कायदा न करता पहिल्या अर्थाचा प्रयोग हाती घेण्यात आला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या डाळ स्वयंपूर्णता अभियानात तूर, उडीद व मसूर या तीन पिकांची, नोंदणी केलेला शेतकरी देईल तितकी, हमीभावाने खरेदी करण्याचे ठरले आहे. खरेदीची मुदत चार वर्षांची आहे. तुरीच्या आयातीचा निर्णय मात्र त्या चार वर्षांतही वेगळ्या मंत्रालयात व्हावयाचा आहे.